तिसरा खटका

महेंद्रला आपल्या इवायाचा, म्हणजे सुनेच्या बापाचा, इतका राग यायचा की त्याच्या पिकअपचा हॉर्न दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू आला तरी हातातला घास ताटात परत जायचा. प्रेमलालचंही तेच. लग्नात त्यानं दिलेला कूलर पहिल्याच उन्हाळ्यात बसला, तेव्हा महेंद्र चार माणसांत म्हणाला होता, "हवा त इवाईजी तोंडानंच भरपूर देतात, कूलर काहून देला मंग?" त्या दिवसापासून प्रेमलालनं महेंद्रच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नाही. लेकीच्या सासरचं पाणी बाप पीत नाही, असं त्याचं म्हणणं. वार्डात ही रीत कोणी पाळत नव्हतं. आज्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच असल्या सगळ्या रीती गाठोडं बांधून फेकल्या होत्या. प्रेमलालनं तेवढी एक शोधून परत आणली, अन् तीही फक्त महेंद्रच्या घरापुरती.

आता या दोघांच्या मध्ये आली चौदा एप्रिलची मिरवणूक.

बालाघाटातल्या या वार्डाच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर ज्या गाडीवर, ती गाडी सगळ्यांच्या पुढे. सहा वर्षं तो मान प्रेमलालच्या पिकअपला होता. एरवी ती पिकअप परसवाड्याच्या बाजारातून धान अन् मोहफुलं वाहायची. पण मिरवणूक म्हणजे माणसाच्या चालीनं चार तास चालायचं, म्हणजे क्लच अर्धा दाबून ठेवायचा. दरवर्षी नाल्यावरच्या पुलियापाशी क्लच जळायला लागायचा अन् पांढऱ्या साड्यांतल्या बाया नाकाला पदर लावून घोषणा द्यायच्या. मागच्या साली तर महिला मंडळाच्या अध्यक्ष विमलाबाईंना चौकातल्या भाषणात असा ठसका लागला की, पहिल्या वाक्यानंतर थेट आभारच मानावे लागले.

महेंद्र याच संधीची वाट पाहत होता. त्यानं नागपूरहून एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आणली होती. कमिटीच्या बैठकीत तो उभा राहिला. याच्यात क्लचच नाही म्हणाला. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपल्या मनानं रांगते, न धूर न वास. विमलाबाईंनी तिथल्या तिथे ठराव केला: तसबीर महेंद्रभाऊच्या गाडीवर, डीजेचे डबे प्रेमलालच्या पिकअपवर, मागून.

प्रेमलाल तिथून उठला. बैठकीचा चहा मात्र तसाच ठेवून गेला, अन् तो चहा तर विमलाबाईंच्या घरचा होता.

तीन एप्रिलला महेंद्रची गाडी कापायला लागली. ताप भरलेल्या माणसासारखी. पाचला ती ओरडायला लागली, अन् सहाला ब्रेकवरून पाय काढला तरी जागची हलेना. गोंदियाच्या मिस्त्रीनं फोनवरच निदान केलं. इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधात एक टॉर्क कन्वर्टर असतो, कोहळ्याएवढा गोल लोखंडी डबा, त्यात तेल फिरतं म्हणून गाडी क्लचशिवाय रांगते. तो गेला. गाडी आणून टाका, वीस दिवस लागतील.

वीस दिवसांनी जयंती कुठली राहते?

"मी सोता बसवतो," महेंद्रनं घरात जाहीर केलं. तो भरवेलीच्या खदानीत अठ्ठावीस वर्षं फिटर. लोडरचे कन्वर्टर बसवलेत म्हणाला, तुमच्या या गाडीएवढे असतात ते. त्याची बायको मंजू हिला खरं ठाऊक होतं. त्यानं एकदाच एक बसवला होता, दहा माणसांत मिळून, अन् त्याच्याकडे बॅटरी धरायचं काम होतं. ती काही बोलली नाही. चूक तिचीच झाली ती.

मुलगा रवी नागपूरच्या भंगार बाजारातून कन्वर्टर घेऊन आला, बोऱ्यात बांधून, रेल्वेत मांडीवर ठेवून. शेजारी बसलेल्या बाईनं कोहळं केवढ्याले पडलं म्हणून विचारलं, ते त्यानं घरी सांगितलं अन् वार्डभर झालं. तेव्हापासून त्या वस्तूला कोणी कन्वर्टर म्हणालं नाही.

विमलाबाईंच्या कानावर गेलंच. त्यांनी अट घातली. तेरा तारखेला संध्याकाळी पाच वाजता गाडी विहारापासून पुलियापर्यंत चालवून दाखवायची. नाही चालली तर तसबीर पिकअपवर. अन् तोवर कामावर लक्ष ठेवायला कोण? गाड्यांतलं कळणारा, रिकामा अन् घरचा माणूस पाहिजे, असा विचार करून त्यांनी प्रेमलालला नेमलं. विमलाबाई भल्या बाई होत्या, पण माणसांतलं त्यांना फारसं कळत नसे.

आठ तारखेला सकाळी प्रेमलाल आला. सोबत स्वतःची प्लास्टिकची खुर्ची, स्वतःचा चहाचा थर्मस अन् स्वतःची पाण्याची बाटली.

"जयभीम, इवाईजी."

"जयभीम."

दोघांनी ते गोटे फेकल्यासारखं म्हटलं. प्रेमलालनं आंगणातल्या निंबाखाली खुर्ची टाकली, अन् पुढचे तीन दिवस तो तिथून उठला तो फक्त जेवायला अन् वार्डाला बातमी द्यायला.

काम सुरू झालं. गाडीचं तोंड विटांच्या थप्प्यांवर चढवलं. इंजिन खाली येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर सागाची बल्ली आडवी टाकून त्याला साखळीनं टांगलं; बल्लीनं दोन्ही पत्रे चेपले, ते महेंद्रनं पाहिलंच नाही असं केलं. गिअरबॉक्सचं तेल काढायला भांडं पाहिजे होतं. हाताला लागला मंजूचा सगळ्यात मोठा गंज, ज्यात दर जयंतीला अख्ख्या गल्लीची खीर शिजायची. तेल निघालं लालभडक, शरबतासारखं. मंजू बाहेर आली, गंजाकडे पाहिलं, आत गेली, अन् त्या क्षणापासून नवऱ्याशी फक्त सून मयुरीच्या मार्फत बोलू लागली.

गिअरबॉक्स उतरवायला खाली काहीतरी मऊ लागत होतं. महेंद्र घरातून गादी घेऊन आला. नवी होती, जाड, फुलाफुलांची.

प्रेमलाल खुर्चीत सरळ झाला. "ते गादी मी पोरीले झोपाले देलती."

"गिअरबॉक्सले बी झोपालेच देऊन राह्यलो ना," महेंद्र गाडीखालून म्हणाला, अन् गिअरबॉक्सला बांधलेली साखळी सोडली.

गिअरबॉक्स गादीवर आला खरा, पण महेंद्रचा डावा पायही गादीवरच होता. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. निंबाखाली माणूस बसला होता ना. तो पाय तसाच ठेवून पाना शोधत असल्यासारखा दोन मिनिटं इकडेतिकडे पाहत राहिला. शेवटी प्रेमलालच म्हणाला, "मयुरी, तुह्या मामाजीचा पाय दबला वाट्टे. त्याहीले सांग."

पायाचा अंगठा काळानिळा झाला. महेंद्रनं त्यावर हळद लावली अन् विचारणाऱ्याला सांगितलं की दबलाबिबला नाही, नुसती हळद सांडली.

दहा तारखेला नव्या कन्वर्टरची वेळ आली. महेंद्रनं मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ लावला. त्यातला पंजाबी मिस्त्री फार सोपं करून सांगत होता. कोहळ्यात आधी तेल भरा. गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसवा. दाबत दाबत फिरवा. "तीन बार खट की आवाज आएगी। दो पे रुक गए, तो पंप गया समझो।" म्हणजे आत तीन खाचा, तिन्हींत बसलं पाहिजे. दोनवर थांबून नटबोल्ट आवळले, तर तो लोखंडी कोहळा पुढच्या तेलाच्या पंपाला चेंदून टाकणार, अन् पंप गेला की गाडी गाडी राहत नाही, पत्र्याची खोली होते.

प्रेमलाल व्हिडिओ ऐकत होता. त्यानं मान डोलावली. बरोबर सांगतो म्हणाला.

इवायाला पटलेली गोष्ट महेंद्रला तिथेच संशयास्पद वाटली. त्यानं व्हिडिओ बंद केला.

गिअरबॉक्स गादीवर उभा केला, तोंड वर. कोहळ्यात दोन लिटर तेल भरलं, त्यातलं अर्धा लिटर अंगातल्या बंडीवर सांडलं. मग तो कोहळा पोटाशी धरून दांड्यावर ठेवला अन् जात्यासारखा फिरवायला लागला.

खट.

महेंद्रच्या कपाळावर घाम आला. हात तेलानं बुळबुळत होते. फिरवत राहिला.

खट.

मग दहा मिनिटं काही नाही. उन्हं अंगावर आली. अंगठा ठणकत होता. पाठीवर त्याला दोन डोळे जाणवत होते, थर्मसच्या झाकणाच्या वरून पाहणारे. त्यानं एक शेवटचा झटका दिला, काहीतरी हललं किंवा हललं नाही, अन् तो कंबर धरून उभा राहिला.

"झाले तीन," तो म्हणाला.

"दोन झाले, इवाईजी."

"तीन झाले."

"मी मोजून राह्यलो ना इथं बसून. माह्याजोळ दुसरं काम काय हाय?"

खरं म्हणजे महेंद्रनं मोजलंच नव्हतं. दुसऱ्यानंतर तो मोजायचं विसरला होता, इवायाच्या नजरेकडे ध्यान गेल्यामुळे. आणखी पाच मिनिटं फिरवून पाहिलं असतं तर काही बिघडत नव्हतं. पण आता फिरवायचं म्हणजे दोन मान्य करायचे. अठ्ठावीस वर्षांच्या फिटरला धान वाहणाऱ्यानं मोजून द्यायचं. त्यानं मयुरीला हाक मारली. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"मयुरी, तू होती ना इथंच? किती आवाज आले?"

मयुरीनं बापाकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं. तिला या घरात राहायचं होतं अन् राखीपौर्णिमेला त्या घरी जायचं होतं.

"मले त अडीच आयकू आले, मामाजी," ती म्हणाली अन् सूप उचलून आत गेली.

अडीच म्हणजे तीनच, असं महेंद्रनं ठरवलं.

संध्याकाळी रवी अन् त्याचे चार दोस्त आले, गिअरबॉक्स वर उचलला, इंजिनाला भिडवला. भिडवला, पण पूर्ण टेकेना. मधे बोटभर फट राहिली. हातानं ढकललं, खांद्यानं ढकललं, फट तशीच. रवीनं हळूच विचारलं का बाबा, खोलून एकदा पाहाचं काय. महेंद्रनं त्याला गप केलं. जे हातानं बसत नाही ते पाना लावून बसवायचं, अन् पान्यानं बसत नाही ते पान्याला पाईप लावून, ही महेंद्रची उभ्या आयुष्याची विद्या. त्यानं चार फुटांचा पाईप आणला, पान्यात घातला अन् लोंबकळला.

फट करंगळीएवढी झाली. मग सुतळीएवढी. मग आतून आवाज आला, बशी फुटावी तसा, एकदाच, स्वच्छ. अन् फट मिटली.

रवीचे दोस्त आपापल्या चपलांकडे पाहायला लागले.

प्रेमलालनं थर्मसचं झाकण फिरवून बंद केलं, खुर्ची उचलून काखेत मारली.

"हा झाला तुमचा तिसरा," तो म्हणाला, अन् घरी गेला.

महेंद्रला कळलं होतं. त्या आवाजाला अर्थ विचारायची गरज नसते. तरी त्यानं दोन दिवस लावून सगळं जोडलं, तेल भरलं, गाडी सुरू केली. इंजिन छान चाललं. गिअर टाकला. गाडी ढिम्म. मागचा टाकला, ढिम्म. खालून लाल तेलाची एक बारीक धार निघून आंगणातून मोरीकडे चालली, तेवढीच काय ती हालचाल. आता खोलायला दिवस नव्हते अन् दुसरा पंप नागपूरलाही मिळायचा नाही. विमलाबाईंकडे जाऊन सांगायचं, एवढाच रस्ता होता. तसबीर पिकअपवर जाईल. इवाई पुढे बसेल, निळा फेटा बांधून, अन् आपण मागे धुरात.

तेराच्या दुपारी त्याच्या डोक्यात आलं की विहारापासून पुलियापर्यंत उतार आहे.

रवी अन् दोस्तांनी भर उन्हात, गल्ली झोपलेली पाहून, गाडी ढकलत विहारापाशी नेऊन उभी केली. पाच वाजता विमलाबाई आल्या अन् मागच्या सीटवर बसल्या. महेंद्रनं इंजिन सुरू केलं, दांडा न्यूट्रलवर ठेवला अन् ब्रेकवरून पाय उचलला. गाडी निघाली. आवाज नाही, झटका नाही, वास नाही. विमलाबाई म्हणाल्या, डोंग्यात बसल्यासारखं वाटते महेंद्रभाऊ. पुलियापाशी त्यानं ब्रेक लावला. आता परत चला म्हणाल्या, तेव्हा त्यानं सांगितलं की तपासणी झाली की या गाडीला तासभर थंड करावं लागते, कंपनीचा नियम हाय. विमलाबाई चालत गेल्या. जाताना पास म्हणून गेल्या.

प्रेमलाल पुलियाच्या कठड्यावर बसून सगळं पाहत होता. उतारभर पडलेली लाल रेघही त्यानं पाहिली. महेंद्र वाट पाहत राहिला की तो आता ओरडेल. प्रेमलाल ओरडला नाही. नुसता हसला, अन् महेंद्रला रात्रभर ते हसू पचलं नाही.

रात्री पोरांनी ढकलत परत चढवलेली गाडी चौदाला सकाळी विहारापाशी धुऊन पुसून उभी होती. टपावर तसबीर, निळी झालर, झेंडूचे हार. चेपलेल्या पत्र्यांवर निळे झेंडे बांधले होते. महेंद्रनं निळा फेटा बांधला. योजना पक्की होती. पुलियापर्यंत उतार, पुढे चौकापर्यंत रवीचे चार दोस्त स्वयंसेवकाचे पट्टे लावून मागून गाडीला हात लावून चालणार, गर्दी आवरल्यासारखे. कोणाला कळणार नव्हतं. बाया रांगेत लागल्या, घोषणा झाली, महेंद्रनं ब्रेकवरून पाय उचलला अन् मिरवणूक निघाली. वास नव्हता. बायांनी नाकावर पदर घेतला नव्हता. पन्नास पावलांत महेंद्रची छाती एवढी फुगली की सीटचा पट्टा टोचायला लागला.

पुलिया आली. उतार संपला. पोरांनी मागून जोर लावला, गाडी सरकत राहिली.

तेव्हा मागच्या पिकअपमधून प्रेमलालनं डीजेवाल्याला खूण केली.

ढोलाचा असा काही ठेका सुरू झाला की पुलियाचा कठडा थरथरला. चारी स्वयंसेवकांचे हात गाडीवरून सुटले. सकाळपासून त्यांनी पाय आवरून धरले होते, आता पाय आवरेनात. गाडी पुलियाच्या बरोबर मधात थांबली. महेंद्र काच खाली करून रवीला हाका मारत होता. रवी हात वर करून, डोळे मिटून नाचत होता.

पुलिया अरुंद. मिरवणूक अडली. विमलाबाई पुढे आल्या, महेंद्रच्या ब्रेकवरून उचललेल्या पायाकडे पाहिलं, गाडीखालच्या लाल डबक्याकडे पाहिलं. 

"तसबीर उतरवा," त्या म्हणाल्या. चार बायांनी तसबीर अदबीनं खाली घेतली, विमलाबाईंनी ती दोन्ही हातांत छातीशी धरली, अन् गाडीच्या दोन्ही बाजूंनी पांढऱ्या साड्या पाण्यासारख्या निघून गेल्या. डीजेवाल्यानं छोटा स्पीकर खांद्यावर घेतला. जाता जाता विमलाबाईंनी प्रेमलालला हुकूम केला की रेल्वेच्या पटरीपल्याडच्या वार्डाची मिरवणूक याच वाटेनं येऊन राह्यली, ते यायच्या आत हे धूड वर न्या. तुमचेच सोयरे हाय.

प्रेमलालचं तोंड उतरलं. एवढं त्यानं ठरवलं नव्हतं. पिकअप वळवायला जागा नव्हती. तो उतरला, दोर काढला, पिकअपचं तोंड महेंद्रच्या गाडीच्या शेपटीला बांधलं.

"अडीच," गाठ मारताना तो पुटपुटला.

"तुमीच लावला तो ठेका," महेंद्र म्हणाला. "दिसते मले आरशात."

"दिसते त आयकू काहून नाई येत?"

मग प्रेमलाल मागचा गिअर टाकून उलटा चढ चढू लागला. दोघांची तोंडं उताराकडे. दोघांनाही समोर तीच मिरवणूक दिसत होती, दूर दूर जाणारी, निळे झेंडे पोस्टाच्या तिकिटाएवढे झालेले. चढाच्या मध्यावर तो ओळखीचा वास आला. मग धूर. पिकअप एकदा ओरडली अन् थांबली. क्लच गेला.

वरून ढोल वाजायला लागले. पटरीपल्याडचा वार्ड आला होता, शंभर-दीडशे पोरं, अन् त्यांची नि या वार्डाची चौकात आधी कोण पोहोचते यावरून दरवर्षी वादावादी. महेंद्र हात जोडून खाली उतरणार होता, तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं हारांनी सजलेली गाडी पाहिली, दुसऱ्यानं पिकअपवर डीजेचे मोठे डबे पाहिले.

"अरे चाचाजी बैठे रहो, हम हैं ना," ते म्हणाले. कोणी काही ऐकून घेतलं नाही. दोन्ही गाड्यांना पन्नास हात लागले. महेंद्रनं ब्रेक दाबला तर टपावर थापा पडल्या. उतार, पुलिया, मग चौकाकडचा रस्ता, सगळं वाऱ्यासारखं मागे गेलं. पुढे महेंद्रची गाडी, तिच्या मागे दोरानं बांधलेला प्रेमलाल, त्याच्या मागे नाचत ढकलणारा अख्खा परका वार्ड. हॉर्न वाजवून प्रेमलाल थांबा म्हणत होता, पोरं त्यावरही नाचत होती.

विमलाबाईंची मिरवणूक पायी चालली होती, लांबच्या रस्त्यानं, बाजारातून. पोरांनी गाड्या जवळच्या रस्त्यानं पळवल्या.

दहा मिनिटांनी विमलाबाई तसबीर घेऊन घामाघूम चौकात पोहोचल्या, तर बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर पहिल्या जागेवर महेंद्रची गाडी उभी होती. परक्या वार्डाची पोरं गुलाल उडवत होती, आपण पहिले आलो म्हणून. कोणीतरी महेंद्रला खिडकीतून ओढून खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या खांद्यांवर प्रेमलाल होता. दोघं एकमेकांच्या बाजूला, गळ्यात हार घालून, सगळ्या बालाघाटच्या पुढे वर-खाली होत होते.

विमलाबाई खाली उभ्या राहून वर पाहत राहिल्या. मागे त्यांचा अख्खा वार्ड.

"विमलाबाई," महेंद्र वरूनच म्हणाला, "यानं केलं हे."

"मी नाई," प्रेमलाल म्हणाला. "यानं केलं."

विमलाबाईंनी दोघांकडेही पाठ फिरवली अन् कमिटीच्या सेक्रेटरीला सांगितलं की पुढच्या वर्षीपासून तसबीर बायाच हातानं नेतील, लिहून घ्या. मग पोरांनी नवा ठेका धरला अन् दोन्ही इवाई पुन्हा वर उडाले.